मुळांपाशी राबणारे अदृश्य गडी

मागच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही चार-पाच शेतकरी बोलत उभे होतो. एकाने पिशवीतून एक रंगीत बाटली काढली. बाजारातल्या दुकानदाराने त्याला सांगितले होते की हे संजीवक आहे, फवारले की भात आठ दिवसांत तरारून उठेल. किंमत दोन दिवसांच्या मजुरीहून जास्त. त्याने विचारले, "घ्यावे की घेऊ नये?" तेव्हा उभ्या-उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते. म्हणून येथे सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पिकाला वाढीसाठी संजीवके लागतात, हे खरे. पण ती बाटलीतूनच आली पाहिजेत असे नाही. आपल्या जमिनीत ती तयार करणारे गडी आहेत. ते मजुरी मागत नाहीत. त्यांना फक्त खाणे आणि निवारा लागतो, आणि नेमके तेच आपण त्यांना देत नाही.

हे गडी म्हणजे मुळांभोवतीचे उपयुक्त जीवाणू. डोळ्यांना न दिसणारे. चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात, आणि मुळाला चिकटलेल्या मातीत तर शेताच्या इतर मातीपेक्षा कितीतरी अधिक. जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनर या शास्त्रज्ञाने मुळाभोवतालच्या या पट्ट्याला १९०४ साली वेगळे नाव दिले. तेथे एवढी दाटी का? कारण रोप पानांत तयार केलेल्या साखरेचा काही भाग मुळांवाटे मातीत सोडते. म्हणजे रोप जणू पानावर वाढून जीवाणूंना जेवायला बोलावते. जेवलेला पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. मुळातून पाझरणाऱ्या रसात ट्रिप्टोफॅन नावाचे एक द्रव्य असते. काही जीवाणू त्यापासून ऑक्झिन हे संजीवक बनवून रोपाला परत देतात.

ऑक्झिनचे काम काय? मुळाला फाटे फुटणे, केसासारखी बारीक तंतुमुळे वाढणे. तंतुमुळे जास्त म्हणजे पाणी आणि अन्न शोषणारी तोंडे जास्त. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे १९७९ साली तीन शास्त्रज्ञांनी बाजरीवर प्रयोग करून दाखवले की अॅझोस्पिरिलम हा जीवाणू ऑक्झिन, जिबरेलिन आणि सायटोकायनिन या तिन्ही प्रकारची द्रव्ये तयार करतो. जीवाणू दिलेल्या बाजरीच्या मुळांना फाटे अधिक फुटले आणि ते दाट तंतूंनी भरले. तोवर या जीवाणूकडे हवेतला नत्र धरणारा म्हणूनच पाहिले जाई. ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या योहाना डोबेराइनर या बाईंनी त्या दृष्टीने त्याच्याकडे जगाचे लक्ष वेधले होते. नत्राइतकाच, कदाचित त्याहून अधिक, फायदा मुळांच्या वाढीतून होतो, हे नंतर हळूहळू कळत गेले.

आता कोणी म्हणेल, मग हीच द्रव्ये बाटलीतून भरपूर घातली तर काय बिघडले? बिघडते. संजीवक हे मिठासारखे आहे. चिमूटभर घातले तर चव येते, मूठभर घातले तर ताट फेकावे लागते. ऑक्झिन जास्त झाले की मूळ वाढायचे थांबते. जिबरेलिनचा शोधच मुळी एका रोगातून लागला. भाताची काही रोपे इतरांपेक्षा झपाट्याने उंच जातात, पिवळी व किडकिडीत होतात आणि शेवटी मरतात किंवा पोचट राहतात. जपानी शेतकरी त्यांना वेडी रोपे म्हणत. त्यामागची बुरशी एक द्रव्य सोडते आणि त्यानेच रोप असे वेडे वाढते, हे कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवले. तेच पुढे जिबरेलिन म्हणून ओळखले गेले. तेव्हा पीक आठ दिवसांत उंच झाले म्हणून हुरळून जाऊ नये. उंची म्हणजे दाणा नव्हे. मुळाशी बसलेला जीवाणू थोडे-थोडे आणि जागच्या जागी देतो.

आपल्या जोयडा तालुक्यात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. येथली माती तांबडी, आंबट, आणि पाऊस असा की कॅसलरॉकच्या बाजूला आठवडाभर सूर्य दिसत नाही. उतारावरच्या वाफ्यात टाकलेला युरिया दोन सरींत ओढ्याला जातो. पैसे आपले, खत काळी नदीचे. सुपा धरणात जुनी जमीन गेल्यावर रामनगरला ज्यांनी नव्याने संसार मांडला, त्यांना तर ठाऊक आहे की नवी माती कसदार करायला किती वर्षे लागतात. अशा मातीत जास्त मुळे धरणारे रोप पडलेले खत वाहून जाण्याआधी उचलते. शिवाय पाणी तुंबले की रोप स्वतःच्याच शरीरात इथिलीन वायू तयार करते आणि मुळांची वाढ खुंटते. काही जीवाणू तो वायू ज्यापासून बनतो तो कच्चा मालच खाऊन टाकतात. हेही एक मोठे काम.

कोणता जीवाणू घ्यावा? दुकानात अॅझोटोबॅक्टर आणि अॅझोस्पिरिलम अशी दोन नावे ऐकू येतील. अॅझोटोबॅक्टरला आंबट माती मानवत नाही. भात आणि नाचणीसाठी आपल्याकडे अॅझोस्पिरिलम बरे. पेरणीच्या बियाण्याला साधारण १० किलोला २०० ग्रॅमचे एक पाकीट, गूळपाण्यात किंवा थंड पेजेत कालवून चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. लावणीच्या भाताला पाण्यात कालवून रोपांची मुळे १५ ते ३० मिनिटे बुडवून ठेवावीत. रासायनिक खत किंवा बुरशीनाशक त्यात मिसळू नये. नंतर हात साबणाने धुवावेत. पाकीट खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये.

पण थंड सावलीतच ठेवावे. एका वर्षी मी पाकीट आणून चुलीवरच्या फळीवर ठेवले. महिनाभराने वापरले आणि पिकात काडीचाही फरक पडला नाही. दोष जीवाणूंचा नव्हता, मीच त्यांना भाजून मारले होते. पाकिटात माल जिवंत असेल तरच त्याला किंमत. सरकारने २००६ साली जीवाणूखते खत नियंत्रण आदेशाखाली आणली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जीवाणू असावेत असा नियम आहे. पाकिटावर जीवाणूचे नाव, तयार केल्याची तारीख आणि मुदत नसेल, किंवा ते उन्हात मांडलेले असेल, तर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे औषध प्रत्येक शेताला लागू पडतेच असे नाही. इस्रायलचे ओकॉन आणि उरुग्वेचे लाबांदेरा-गोन्सालेस यांनी वीस वर्षांतील शेतावरचे प्रयोग तपासून १९९४ साली लिहिले की दहापैकी सहा-सात प्रयोगांत यश आले आणि उत्पन्न ५ ते ३० टक्के वाढले. म्हणजे तीन-चार ठिकाणी फायदा झाला नाही, हेही तितकेच खरे. ज्या मातीत शेणखत नाही, पालापाचोळा नाही, तेथे पाहुण्याला बसायला पाटही मिळत नाही. आधी जमिनीत सेंद्रिय खत, मग जीवाणू. हा क्रम उलटा करू नये.

म्हणून माझी सूचना अशी. यंदा बाटलीवर पैसे घालण्याऐवजी आठ-दहा घरांनी मिळून धारवाडच्या कृषी विद्यापीठातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून ताजी पाकिटे मागवावीत. मे अखेरीस एकानेच जाऊन आणली तर भाडेही वाचेल. प्रत्येकाने एकाच वाफ्याचे दोन भाग करावेत. एकाला जीवाणू द्यावेत, दुसऱ्याला देऊ नयेत, बाकी सारे सारखे. लावणीनंतर महिन्याने दोन्हीकडचे एकेक रोप उपटून मुळे धुऊन पाहावीत. कापणीला दोन्हीकडचे भात वेगळे मोजावे आणि आकडे वहीत लिहून रविवारी घेऊन यावे. फरक पडला तर पुढच्या वर्षी सगळ्या शेताला द्या. नाही पडला तर नुकसान एका पाकिटाचे.

दुकानदाराच्या शब्दावर किंवा माझ्या लिहिण्यावर विसंबू नका. स्वतः उपटलेल्या मुळावर विसंबा. ते खोटे बोलणार नाही.