ज्याला निष्ठा म्हणतात, ते कुलूप आहे

एखादा माणूस आठ-दहा वर्षे एकाच प्रकारचा स्मार्टफोन वापरतो. मग एक दिवस तो अँड्रॉइड सोडून आयफोन घेतो, किंवा आयफोन सोडून अँड्रॉइडकडे येतो. लगेच मित्रमंडळी त्याच्याशी पक्ष बदललेल्या आमदाराशी बोलावे तशी बोलू लागतात. "इतक्या वर्षांनी सोडलास?", "बघ, महिनाभरात परत येशील." कंपन्या याला ‘ब्रँड लॉयल्टी’ म्हणतात आणि आपण भाबडेपणाने ‘निष्ठा’ म्हणतो. माझे म्हणणे सरळ आहे. निघताना आपले सामान बरोबर नेता येत नसेल, तर राहिलेल्या माणसाच्या निष्ठेबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

ही माझी कल्पना नाही. कंपनीच्याच कागदपत्रांत हे लिहिलेले आहे. एपिक गेम्स या कंपनीने २०२० मध्ये ॲपलवर खटला भरला, तेव्हा ॲपलचे अंतर्गत ईमेल न्यायालयापुढे चर्चेत आले. आपली सर्व उत्पादने एकमेकांत गुंतवून ग्राहकाला आपल्या व्यवस्थेत आणखी अडकवावे, असे स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्येच लिहून ठेवले होते. आयमेसेज अँड्रॉइडवर आणले, तर आयफोन वापरणारी कुटुंबे मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, त्यांच्या वाटेतला अडसर दूर होईल, अशी काळजी क्रेग फेडेरिघी या वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१३ मध्ये व्यक्त केली होती. म्हणजे अडसर आहे, हे कंपनीला माहीत होते आणि तो तिला हवा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये एका पत्रकाराने टिम कुक यांना जाहीर कार्यक्रमात सांगितले की, माझ्या आईला मी पाठवलेले व्हिडिओ नीट दिसत नाहीत. कुक यांचे उत्तर होते, आईला आयफोन घेऊन द्या. लोक हसले. पण त्या विनोदात सगळा धंदा सांगून झाला होता.

अमेरिकेत निळ्या आणि हिरव्या संदेशांची ही उतरंड शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे तो प्रश्न फारसा नाही, कारण आपण सगळे व्हॉट्सॲपवर आहोत. मग आपली भिंत कुठे आहे? व्हॉट्सॲपच्याच बॅकअपमध्ये. अँड्रॉइडचा बॅकअप गुगलकडे, आयफोनचा ॲपलकडे आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला उघडत नाही. व्हॉट्सॲप २००९ पासून आहे, पण संभाषणे आयफोनवरून अँड्रॉइडवर नेण्याची अधिकृत सोय २०२१ मध्ये आली, तीही आधी निवडक फोनपुरती. उलट दिशेची सोय २०२२ मध्ये आली. आजही त्यासाठी जुना फोन चालू आणि हाताशी असावा लागतो. अँड्रॉइड फोन चोरीला गेला आणि नवा आयफोन घेतला, तर गुगलवरचा बॅकअप असून नसल्यासारखा.

यात मार कुणाला बसतो, हे पाहा. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, हार्ड डिस्क आहे, तो एक रविवार घालवून सामान हलवतो. वस्तीत काम करताना मी पाहते की, बहुतेक घरांत फोन हाच लॅपटॉप, फोन हीच फाइल आणि फोन हेच कपाट. बचत गटाच्या वहीचे फोटो, जातीच्या दाखल्याची प्रत, मुलीच्या शिष्यवृत्तीची पावती, गेलेल्या वडिलांचा आवाज, सगळे त्याच एका डबीत. अशा बाईने फोन बदलताना ‘नको, आहे तोच बरा’ म्हटले, तर त्याला निष्ठा म्हणणे ही थट्टा आहे.

अँड्रॉइडवाल्यांनीही मान ताठ करू नये. फोन कंपन्यांवर आपली ॲप्स लादल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. एक वाडा आणि दुसरी चाळ असेल, पण किल्ली दोन्हीकडे मालकाच्याच हातात.

काही जण म्हणतात, सोडायला कुणी बंदी केली आहे का? बंदी नाही. पण विकत घेतलेली ॲप्स पलीकडे चालत नाहीत, हातातले ॲपलचे घड्याळ अँड्रॉइडशी बोलत नाही आणि वर्षांची संभाषणे अडकतात. दार उघडे ठेवून उंबऱ्यावर दंड वसूल करायचा, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. बँकही पैसे सुरक्षित ठेवते, पण खाते बंद करताना ती आपले पैसे आपल्याला देते.

आणि हे अशक्य आहे, असे आपल्याला तरी कुणी सांगू नये. जानेवारी २०११ मध्ये देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी आली. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा आणि सगळ्या नातेवाइकांना नवा नंबर कळवत बसायचे. नंबर ग्राहकाबरोबर जाऊ लागला आणि ‘वर्षानुवर्षांचे निष्ठावंत’ ग्राहक बिनदिक्कत कंपन्या बदलू लागले. ती निष्ठा होती की नंबरची अडचण, याचा निकाल तिथेच लागला. तो बदल कंपन्यांच्या मनाच्या मोठेपणातून आला नाही, नियमातून आला.

मग फोनमधल्या माहितीचे काय? आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात होता. २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात तो हक्क नाही. युरोपमध्ये डिजिटल मार्केट्स कायद्याखाली मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांवर हे बंधन लागू झाले. त्याच कंपन्या तिथे नियम पाळतात आणि इथे आपल्याला निष्ठा शिकवतात.

म्हणून आयफोन चांगला की अँड्रॉइड, या भांडणात वेळ घालवू नका. ज्याला जो परवडतो, आवडतो, तो त्याने घ्यावा. मागणी एकच असली पाहिजे : २०१९ च्या मसुद्यातून गळलेला हक्क कायद्यात परत आला पाहिजे आणि फोनमधले आपले सामान आपल्याबरोबर आले पाहिजे. तो हक्क मिळाल्यावर जे ग्राहक कंपनीकडे राहतील, त्यांना तिने खुशाल निष्ठावंत म्हणावे.