आधी फळाची मालकी, मग शीतगृह

संत्र्याचे भाव पडले की विदर्भात एक मागणी हमखास उठते : तालुक्यातालुक्याला शीतगृह द्या. वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत कुठल्याही सभेत या वाक्याला टाळ्या पडतात. दुसरीकडे तितक्याच ठामपणे सांगणारे लोकही आहेत की संत्रा हे शीतगृहाचं फळच नव्हे, त्यात घातलेला पैसा बुडीत खात्यात जमा धरावा. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र शीतगृहाच्या दारात पोहोचलेलं फळ कोणाच्या मालकीचं असतं, हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत.

आधी नकारवाद्यांचं म्हणणं तपासू. नागपुरी संत्र्याची साल सैल, नाजूक. साध्या हवेत तो आठ-दहा दिवसांत मान टाकतो, हे खरं. पण नागपूरच्याच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने दाखवून दिलं आहे की ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता राखली, तर चांगला संत्रा सुमारे ४५ दिवस टिकतो. मग ‘ठेवला आणि सडला’ हा अनुभव येतो कुठून? दुसऱ्या मालासाठी बांधलेल्या खोलीतून. सफरचंद शून्याच्या आसपास सुखाने राहतं, बटाट्याला दोन ते चार अंश चालतात. त्या थंडीत संत्र्याच्या सालीवर तपकिरी डाग उठतात आणि बाहेर काढताच बुरशी धरते. मिरचीच्या कोरड्या खोलीत तो सुरकुततो. दोष फळाचा नाही, खोलीचा आहे.

आता ‘शीतगृह बांधा, भाव आपोआप मिळेल’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचा पहिला गैरसमज असा की थंडी फळ सुधारते. संत्रा आंब्या-केळीसारखा तोडल्यावर पिकत नाही, गोडही होत नाही. तो जसा आत जातो तसाच, थोडा उणा होऊन, बाहेर येतो. म्हणून खरा निकाल बागेतच लागतो. हाताने ओढून तोडलेल्या फळाचा देठ निघून येतो आणि त्या भोकातून बुरशीला वाट मिळते. दव सुकण्याआधी तोडलं, तर सालीतलं तेल फुटून डाग पडतात. त्यानंतर हा माल तणसाच्या थरावर मेटाडोरमध्ये मोकळाच भरायचा, धक्के खात नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा आणि ढीग ओतून टनावर विकायचा. असा माल शीतगृहात ठेवणं म्हणजे सडण्याला दीड महिन्याची मुदतवाढ देणं.

हिशेबच मांडू. समजा, तोडणीच्या वेळी भाव किलोला २० रुपये आहे आणि ४० दिवसांनी तो ३० झाला. १०० किलो ठेवले आणि नासाडी व वजनघट मिळून १० किलो गेले, तर हाती २,७०० रुपये येतात. आज विकले असते तर २,००० आले असते. या ७०० रुपयांतून भाडं, पॅकिंग, हमाली वजा जाऊनही काही उरेल. पण २५ किलो गेले, तर २,२५० रुपयेच येतात आणि वरचे अडीचशे भाड्यातच संपतात. शीतगृह तेच, भावही तोच. फरक फक्त कात्रीने तोडण्याचा आणि क्रेटमध्ये भरण्याचा.

२०१५च्या राष्ट्रीय शीतसाखळी पाहणीचा निष्कर्षही हाच होता. देशात मोठ्या शीतगृहांच्या क्षमतेची तूट फार नव्हती. पॅकहाऊस, म्हणजे प्रतवारी-पॅकिंगची केंद्रं, मात्र सुमारे ७० हजार हवी होती आणि होती जेमतेम अडीचशे. आपण गोदामं बांधत राहिलो आणि गोदामाआधीची पायरीच विसरलो.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो : शीतगृहातला माल शेतकऱ्याचाच असेल, असं धरून चालण्याचा. आपल्याकडे कितीतरी बगीचे फळ झाडावर असतानाच ठोक सौद्याने व्यापाऱ्याला दिले जातात. पुढची गारपीट, फळगळ, मजुरांचा तोटा, सगळी जोखीम त्याची आणि अर्थात पुढचा नफाही त्याचाच. असा सौदा करणाऱ्या शेतकऱ्याला नावं ठेवू नयेत. बँकेचा हप्ता आणि मुलांची फी ४५ दिवस थांबत नाहीत. पण उद्या काटोलला उत्तम शीतगृह उभं राहिलं, तर त्यात माल ठेवील तो व्यापारी. अनुदान शेतकऱ्याच्या नावाचं, लाभ दुसऱ्याचा.

तिसरा सूर प्रक्रियेचा : रसाचा कारखाना आला की प्रश्न मिटला. नागपूरला हे स्वप्न नवीन नाही. ‘नोगा’ हे नावच मुळी नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघाचं. मिहानमध्ये २०२५ साली पतंजलीचा प्रकल्पही सुरू झाला. कारखाने हवेतच, चुर्रीला, म्हणजे बारीक फळाला, गिऱ्हाईक त्यांच्यामुळेच मिळतं. पण रसासाठी कारखाना ताज्या मोठ्या फळाचा भाव देणार नाही. तो पडत्या भावाला तळ देईल, उत्पन्नाला उंची देणार नाही.

मग करायचं काय? द्राक्षवाल्यांकडे पाहा. १९९१ साली ‘महाग्रेप्स’ उभी राहिली ती उत्पादकांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून. तोडणीनंतर काही तासांत पूर्वशीतकरण, मग पॅकिंग, मग शीतखोली. आणि या सगळ्यात मालकी बागायतदारांच्या संस्थेची. तासगाव-सांगलीचा बेदाणाही शीतगृहात राहतो आणि शेतकरी भाव पाहून तो सौद्याला काढतो. बेदाण्यावर तारण कर्ज मिळतं, म्हणून त्याला थांबणं परवडतं.

विदर्भात हेच व्हायला हवं. गावांच्या गटाला एक पॅकहाऊस : कात्रीने तोडणी, प्रतवारी, मेणाचा थर, पूर्वशीतकरण आणि संत्र्यापुरतीच सहा-सात अंशांची खोली. त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपन्यांना २०२०च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना धान्य, हळद, बेदाणा अशा टिकाऊ मालासाठी आहे. शीतखोलीतल्या प्रतवारी केलेल्या संत्र्यासाठी ४५ दिवसांची तशीच सोय करावी.

ही निकड बांगलादेशाने दाखवून दिली आहे. २०१९ साली किलोमागे २० टका असलेलं आयातशुल्क २०२३पर्यंत ८८ टक्यांवर गेलं आणि आपलं सगळ्यात मोठं, रस्त्याने गाठता येणारं गिऱ्हाईक आटलं. ट्रकच्या पल्ल्यातली बाजारपेठ गेल्यावर दूरच्या बाजाराला माल धाडायचा, तर शीतसाखळीला पर्याय नाही.

म्हणून संत्रा बागायतदारांना एवढंच सांगणं आहे : पुढच्या वेळी कोणी शीतगृहाचं आश्वासन घेऊन गावात आला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. पॅकहाऊस कुठे आहे? तारण कोण देणार? आणि आत ठेवलेल्या फळाची पावती कोणाच्या नावाने फाटणार? तिसऱ्या प्रश्नाला ‘तुमच्या’ असं उत्तर येत नसेल, तर ते शीतगृह तुमच्यासाठी नाही.