आवडलं का, ते सांगा

आमच्या मामूंना "आजकल क्या पढ़ रै?" असं विचारलं की ते उत्तर देत नाहीत, हातातलं पुस्तक उलटं करून कव्हर दाखवतात. बहुतेक वेळा ते इब्ने सफ़ींचंच असतं. 'जासूसी दुनिया' १९५२ साली सुरू झाली, इमरानच्या कादंबऱ्या त्यानंतर तीनेक वर्षांनी. मामूंनी त्या शाळकरी वयात भाड्याने आणून वाचल्या, आता सत्तरी ओलांडल्यावर विकत घेऊन वाचतात. एकेक कादंबरी चार-चार वेळा. मी एकदा म्हटलं, "मामू, खूनी कोण ते तुम्हाला माहीत आहे, मग परत कशाला?" तर म्हणाले, "खूनी के वास्ते कौन पढ़ता रे? इमरान की बकवास सुनने के वास्ते पढ़ते."

इतकं सरळ उत्तर आम्हा शिकलेल्या वाचकांकडून मला फार कमी वेळा मिळतं. आम्ही पाच-सहा जण रविवारी असरनंतर एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. शटर अर्धं खाली, चहा, आणि कोण काय वाचतंय याच्या गप्पा. गेल्या काही महिन्यांत आमच्यात सर्वांत जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे बानू मुश्ताक यांचं 'हार्ट लॅम्प'. मे २०२५ मध्ये त्याला इंटरनॅशनल बुकर मिळालं. कन्नड पुस्तकाला पहिल्यांदाच, आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. १९९० ते २०२३ या काळातल्या बारा कथा आहेत, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. मूळ कथेचं नाव 'एदेय हणते'. हणते म्हणजे आपली पणतीच. आम्ही सोलापूरची माणसं, कन्नड कानावर पडलेली असते, त्यामुळे अनुवादात तसाच ठेवलेला 'सेरगु' म्हणजे पदर हे कुणाला विचारावं लागलं नाही.

एकच प्रत पाच हातांतून फिरली. मग प्रत्येकाला विचारलं, कसं वाटलं?

वकील मित्र म्हणाला, "अभिमान वाटला. आपल्यातली बाई, वकिली करणारी, कुठल्या कुठे पोचली." कोणती कथा आवडली विचारल्यावर कळलं की दोनच वाचून झाल्या आहेत. दुसरे माझे सहकारी शिक्षक. त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं, खुणा करून. म्हणाले, "सर, लिहिलंय ते खरं आहे. पण इंग्रजीत जायला नको होतं. लोकांना निमित्त मिळतं." तिसरा माझा जुना दोस्त, वाचनालयात ओळख झालेली, हिंदू घरातला, माझ्यापेक्षा दुप्पट वाचणारा. त्याने पुस्तक परत देताना हात धरून सांगितलं, "तुमच्यातल्या बायकांचं दुःख मला आत्ता कळलं." वीस वर्षं तो माझ्या घरी येतो. ईदला शीरखुर्मा संपेपर्यंत उठत नाही, अम्मीशी माझ्यापेक्षा जास्त बोलतो. आणि आमच्या बायका त्याला कळल्या त्या हासनच्या कथांतून!

तिघेही मनापासून बोलले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुस्तक आवडलं की नाही, कुठे कंटाळा आला, कुठे पान उलटायची घाई झाली, हे तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. एकाने सत्काराचं भाषण केलं, एकाने समाजाची काळजी केली, एकाने माहिती मिळवली.

मराठी मुसलमान वाचकाच्या बाबतीत हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. पुस्तकात आपलं घर, आपली गल्ली आली की तो एकटा वाचत नाही. त्याच्या खांद्यामागे कुणीतरी उभं असतं आणि तो त्या माणसाच्या डोळ्यांनी वाचतो. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ ची. आजारी होऊन बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. पण तिच्यावर बोला म्हटलं की लोक पाचव्या मिनिटाला दलवाईंच्या चळवळीवर येतात, बाजूने तरी किंवा विरोधात तरी. कादंबरी आपली मिटलेलीच राहते. माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी दर वर्षी नववीला थोडी थोडी वाचून दाखवतो. ती ऐकून आजवर कुणी म्हटलं नाही, की सर, यामुळे धनगर समाजाबद्दल गैरसमज होईल. मुलं एवढंच विचारतात, पुढे काय झालं?

सहकाऱ्यांची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एखाद्या परिच्छेदाचा फोटो काढून तो कुठल्या ग्रुपवर कसा फिरवला जाईल, हे आपण सगळे जाणतो. पण त्या भीतीपायी आपण पुस्तकातलं नेमकं काय गमावतो, तेही बघावं. 'रेड लुंगी' ही कथा घ्या. उन्हाळ्याची सुट्टी, घरभर पोरं, रजियाचं डोकं दुखून फुटायची वेळ. त्यावर तिला उपाय सुचतो तो असा, की मुलग्यांची सुनत उरकून टाकू, काही दिवस तरी अंथरुणात पडून राहतील! मी इतक्या मोठ्याने हसलो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. पुढे त्याच सुनतेत गरिबांच्या पोरांची जखम राखेने भरते आणि डॉक्टरकडून करून घेतलेल्या लाडक्याची चिघळते, तेव्हा हसू कुठल्या कुठे जातं. या कथेवर 'एका प्रथेचं चित्रण' असा शिक्का मारला की ते हसूही जातं आणि पुढची कळही.

मला सगळं पुस्तक आवडलं असंही नाही. काही कथांतले नवरे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटले. दोन-तीन ठिकाणी लेखिका पात्राच्या तोंडून स्वतःच बोलते आहे असं वाटलं, आणि शेवट घाईत उरकल्यासारखे. हे मी रविवारी बोललो तर दुकानात शांतता. एक जण म्हणाला, "बुकर मिळालेल्या पुस्तकाबद्दल?" दुसरा त्याच्यापुढे गेला, "म्हणजे तुम्ही बहिष्कार टाकणाऱ्यांच्या बाजूचे?" बायकांना मशिदीत जाता यावं असं बोलल्याबद्दल २००० साली बानू मुश्ताक यांच्यावर बहिष्कार घातला गेला होता, त्याचा हा संदर्भ. म्हणजे एक तर अभिमान बाळगा, नाही तर त्या रांगेत उभे राहा. 'ही कथा चांगली, ती फसली' असं म्हणणाऱ्या माणसाला बसायला तिसरी खुर्चीच नाही. लेखिकेचाही यात मान राहत नाही, कारण तिच्या बाराही कथा सारख्याच थोर म्हटल्या की एकही वाचली नाही तरी चालतं.

इतरांना बोलतो आहे, पण हे पोरांना शिकवणाऱ्यांत मीही आहे. आमच्या पुस्तक परिचयाच्या तक्त्यात शेवटची ओळ छापलेली असायची, 'मला हे पुस्तक आवडले, कारण'. न आवडण्याची सोयच नव्हती. काही वर्षांपूर्वी एका मुलाने ती ओळ खोडून लिहिलं, "सरांनी दिलं म्हणून वाचलं. पहिल्या चाळीस पानांत काहीच होत नाही. कुत्रा मरतो ते दोनदा वाचलं." मी दहापैकी चार गुण दिले आणि लाल शाईने 'कारणे द्या' असं लिहिलं. कारण तर त्याने दिलं होतं! तो मुलगा आता कुठे आहे माहीत नाही. वाचत असेल अशी आशा आहे.

तक्ता आता बदलला आहे. 'कुठे थांबलात? कुठलं पान पुन्हा वाचलंत?' एवढेच दोन प्रश्न. यंदा एका मुलीने 'श्यामची आई'बद्दल लिहिलं, की श्याम फार रडतो, पण मी रात्री मोठ्याने वाचते आणि अम्मी मला थांबू देत नाही. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

आमच्या आपाला इंग्रजी येत नाही. तिला मी 'शाइस्ता महल'ची कथा दोन रात्री दखनीत सांगितली. बायकोवर जीव ओवाळून टाकण्याच्या बाता मारणारा नवरा, आणि ती गेल्यावर काही दिवसांतच त्याचं दुसरं लग्न. मला वाटलं आपा नवऱ्यावर चिडेल. तर ती म्हणाली, "ऐसे मरदां तो मैं बहुत देखी. वो बड़ी लड़की का बोल." धाकट्या भावंडांना सांभाळायला जिचं शिक्षण थांबवलं, ती मुलगी. मी वाचताना तिच्यावरून तसाच पुढे गेलो होतो. घरी येऊन ती पानं पुन्हा काढली.

आज रात्री 'रेड लुंगी' सांगायची आहे. सुनतेची गोष्ट मोठ्या बहिणीला कोणत्या तोंडाने सांगायची, याचाच सकाळपासून विचार करतो आहे.