सोलापूरचा किल्ला आणि जहेज

सातवीच्या वर्गात विजयनगर आणि बहामनी राज्याचा धडा सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. या वर्षी तो मागच्या बाकावरून आला. "टीचर, तालिकोटच्या लढाईत आपण कुठल्या बाजूला होतो?" 'आपण' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. त्याच्याच बाकावर बसणारा त्याचा जिवलग दोस्त मान खाली घालून वहीत रेघोट्या मारू लागला होता.

मी पुस्तक मिटलं आणि सोलापूरच्या किल्ल्याची गोष्ट सांगायला घेतली.

1524 च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाने आपली बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली. जहेज म्हणून सोलापूरचा किल्ला कबूल झाला. निकाह झाला, किल्ला काही मिळाला नाही. घरोघरची लग्नं पाहिलेल्या बहिणींना पुढचं सांगायला नकोच. दोन्ही सासर-माहेर मुसलमान, पण सोलापूरसाठी कित्येक वर्षं एकमेकांच्या उरावर बसली.

शेवटी बुऱ्हाणने मदत मागितली ती विजयनगरच्या रामरायाकडे. 1552 च्या सुमारास दोघे मिळून विजापूरवर चालून गेले. रायचूर रामरायाला, सोलापूर बुऱ्हाणला, असा सौदा. हा बुऱ्हाण तरी कोण? इतिहासकार फरिश्ता काही काळ अहमदनगरच्या दरबारात होता. तो लिहितो की बुऱ्हाणचे आजोबा मलिक हसन हे मूळचे ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातले. विजयनगरच्या मुलखातून ते बहामनींच्या हाती कैदी म्हणून आले होते. पाथरी म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातली.

मग पारडं फिरलं. 1558 मध्ये विजापूरच्या गादीवर अली आदिलशाह आला. त्याच सुमारास रामरायाचा मुलगा वारला, तेव्हा अली थोडेसेच स्वार घेऊन थेट विजयनगरला मातमपुर्सीला गेला. शत्रूच्या राजधानीत असं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. रामरायाच्या राणीने त्याला मुलगा मानलं. पण निघताना रामराया त्याला शहराबाहेरपर्यंत पोचवायला आला नाही, आणि ते अलीच्या मनाला लागलं, असं फरिश्ता सांगतो. (पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जा, असं आमची अम्मी का बजावायची ते मला इथे कळलं.) तरीही पुढे या मानलेल्या बापलेकांनी मिळून अहमदनगरला वेढा घातला.

रामरायाची ताकद वाढत गेली तशी सुलतानांना धास्ती वाटू लागली. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने, म्हणजे बुऱ्हाणच्या मुलाने, आपली लेक अलीला दिली. तीच चाँदबीबी. आणि जहेजमध्ये काय, तर सोलापूरचा किल्ला! या वेळी तो खरोखर दिला गेला. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटला रामराया पकडला गेला आणि हुसेनने त्याचं डोकं उडवलं. पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या पणतूने. रामरायाच्या फौजेतही मुसलमान सरदार होतेच. विजयनगर शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं. हे मी मुलांपासून लपवत नाही, आणि त्याला फतेह म्हणून मिरवतही नाही.

त्याच शहरात, हंपीला, अहमदखानाची मशीद अजून उभी आहे. दुसऱ्या देवरायाच्या या सरदाराने ती 1439 मध्ये बांधली आणि आपल्या हिंदू राजाला पुण्य लाभावं म्हणून बांधली, असं तिथल्या शिलालेखात कोरून ठेवलं.

मागच्या बाकावरचा मुलगा बोटांवर काहीतरी मोजत होता, बहुधा बाजू. त्याच्या दोस्ताने मात्र मान वर केली. "टीचर, सोलापूर तर माझ्या आजीचं गाव. बहिणीला कबूल केलेलं दिलं नाही म्हणून एवढी भांडणं?"

म्हटलं, तेवढ्यासाठीच नाही रे. सोलापूर दोन राज्यांच्या बरोबर सरहद्दीवर होतं, आणि आसपासच्या परगण्यांचा महसूल किल्ला असेल त्याचा. मरियमचं नाव पुढे करायला बरं पडत होतं, इतकंच.