गाणे लावण्याआधी गोंगाट कमी करा

रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात मंद संगीत लावावे, म्हणजे रुग्णांच्या मनावरचा ताण हलका होईल, ही सूचना अलीकडे वरचेवर ऐकू येते. तिला शास्त्रीय आधारही आहे. शस्त्रक्रियेपूर्वी संगीत ऐकवण्याच्या २६ चाचण्यांचा ‘कॉक्रेन’ने २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यांत २,०५१ रुग्ण होते. संगीत ऐकलेल्यांची चिंता इतरांपेक्षा कमी आढळली.

मात्र अशा चाचण्यांत रुग्ण सहसा शांत जागी, हेडफोनवर आणि बऱ्याचदा स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकतो. आमच्या सरकारी ओपीडीत सकाळी दहा वाजता काय असते? केसपेपरच्या खिडकीवरची हुज्जत, नावांचा पुकारा, करकरणारे स्ट्रेचर, रडणारी मुले आणि मोठ्या आवाजात चालणारे मोबाइलवरचे व्हिडिओ. त्यात स्पीकर लावला, तर गोंगाटात आणखी एका आवाजाची भर पडेल. शिवाय एकाला आवडणारे भजन शेजारच्याला नकोसे वाटू शकते. नुकतेच कुणाला गमावलेल्या नातेवाइकाला तर कोणतेही गाणे नको असते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. ती बाहेरच्या भोंग्यांसाठी आपल्याला आठवते. आतल्या आवाजाचे काय? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले, की रुग्णालयांतील दिवसाचा सरासरी आवाज १९६० मधील ५७ डेसिबलवरून ७२ वर गेला होता. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, म्हणजे ही वाढ सुमारे तीसपट झाली.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे, असा वैद्यकीय दंडक आहे. गोंगाटात, नंबर चुकेल या धास्तीने ताटकळलेल्या माणसाचा रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो आणि गरज नसताना गोळ्या सुरू होऊ शकतात.

चिंतेचे मोठे कारण अनिश्चितता हे असते. ‘माझा नंबर कधी?’ याचे उत्तर समोर दिसले, तर निम्मी धास्ती तिथेच उतरते. म्हणून आधी नंबर दाखवणारा फलक हवा. स्ट्रेचरच्या चाकांना तेल घालायला आणि मोबाइल मूक ठेवायला सांगायला फारसा खर्च येत नाही. हे जमल्यावर संगीत जरूर आणावे, पण ते हॉलभर नको; शस्त्रक्रियेची किंवा तपासणीची वाट पाहणाऱ्याला त्याच्या आवडीचे, हेडफोनवर ऐकू द्यावे.

तोवर रुग्णांनीही दोन गोष्टी कराव्यात. गाणी ऐकायची असतील तर एका कानात इअरफोन घालून दुसरा कान पुकाऱ्यासाठी मोकळा ठेवावा. आणि रक्तदाब जास्त आला, तर ‘डॉक्टर, पाच मिनिटे शांत बसतो, पुन्हा मोजाल का?’ असे न संकोचता विचारावे.