कविता ऐकून घेत नाही

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. पुस्तकांच्या गाळ्यांपाशी एका ज्येष्ठ स्नेह्यांची गाठ पडली. बोलण्याच्या ओघात एका तरुण कवीचे नाव निघाले आणि स्नेही म्हणाले, "तो हल्ली समुपदेशकाकडे जातो म्हणे. म्हणजे आता त्याची कविता संपली." भोवतालचे चार-पाच जण हसले. त्यांत मीही होतो. प्रस्तुत लेख त्या हसण्याच्या विरोधात आहे, आणि म्हणूनच त्यातला पहिला आरोपी मी स्वतः आहे.

मी मराठीचा अध्यापक. संमेलनाच्या काही वर्षे आधीची गोष्ट. पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मला कवितांची वही वाचायला दिली. मुलगा कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घरातला, वाचन चांगले, बोलणे अगदी कमी. वहीत पानोपानी न संपणारी रात्र होती, आतून लावलेले दार होते, कुणीच हाक मारत नसल्याची तक्रार होती. मी ती वही मन लावून वाचली. समासात पेन्सिलने लिहिले, 'प्रतिमांची पुनरावृत्ती टाळावी.' दोन कविता महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी निवडल्या. 'तुला झोप लागते का?' एवढा एकच प्रश्न मी विचारला नाही. पुढे तो वर्गात येईनासा झाला. काही महिन्यांनी कळले की त्याला इस्पितळात दाखल करावे लागले होते. तो वाचला, त्याच्यावर रीतसर उपचार झाले आणि पुढच्या वर्षी परीक्षेला बसला. भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही कविता नीट वाचल्या होत्या." त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. माझ्या मनात ते वाक्य आजही सलते ते त्यामुळेच.

हे सांगण्याचे कारण असे की माझी चूक केवळ माझी नव्हती. ती आपल्या विषयाची, म्हणजे साहित्य शिकवण्या-शिकण्याच्या आपल्या रीतीची चूक आहे. आपण मानसशास्त्रीय समीक्षा शिकवतो. फ्रॉईड आणि युंग यांवर टिपा लिहून घेतो. हॅम्लेटच्या मनातला गंड उलगडून दाखवताना आपल्याला कोणताही संकोच वाटत नाही. मात्र अध्यापक-कक्षातल्या सहकाऱ्याने 'मी मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन आलो' असे म्हटले, की खोलीत शांतता पसरते. पात्रांच्या मनाला उपचार चालतात; माणसांच्या मनाला चालत नाहीत.

या विसंगतीवर आपण एक पांडित्यपूर्ण पांघरूण घातले आहे. साहित्य हाच उपचार, असे आपण सांगतो, आणि त्यासाठी ॲरिस्टॉटलच्या विरेचनाचा दाखला देतो. विरेचनाचे महत्त्व मी नाकारत नाही. वाचनाने दुःखाला शब्द मिळतात, एकटेपणा काही काळ सैल होतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवले आहे. परंतु पुस्तक वाचकाशी बोलते. वाचकाचे ऐकून घेत नाही. तो कालपासून जेवलेला नाही, हे त्याला कळत नाही. 'पुढच्या मंगळवारी पुन्हा ये' असे ते म्हणत नाही. शोकांतिका पाहून प्रेक्षक हलका होऊन घरी जातो, हे खरे. पण ज्याला घरी जाण्याचीच भीती वाटते, त्याच्यासाठी नाट्यगृहाबाहेर कुणीतरी उभे असावे लागते. मनाशी संवाद करण्याची आपली परंपरा मोठी आहे. रामदासांनी तर मनाला उद्देशूनच श्लोक रचले. मात्र या संवादात बोलणाराही आपण आणि ऐकणारेही आपलेच मन. मनच थकलेले असेल, तर दुसऱ्या माणसाची गरज लागते. समुपदेशन म्हणजे, अगदी सोप्या शब्दांत, तो दुसरा माणूस: प्रशिक्षित, ठरलेल्या वेळी भेटणारा आणि आपल्या नात्यागोत्यातला नसलेला.

आता स्नेह्यांच्या वाक्याकडे वळू. बरा झालेला कवी लिहू शकत नाही, हा समज आपल्याकडे सिद्धान्तासारखा वावरतो. त्यात वेदना आणि आजार यांची गल्लत आहे. वेदना लिहिता येते. गंभीर नैराश्य बहुतेकांना लिहूच देत नाही. त्यात एकाग्रता जाते, झोप जाते, वाक्य पुरे करण्याइतकीही उमेद उरत नाही. त्या विद्यार्थ्याच्या वहीची शेवटची वीस-बावीस पाने कोरी होती. आजाराने कविता वाढवली नव्हती, थांबवली होती. ज्या थोर लेखकांची उदाहरणे आपण देतो, त्यांनी लिहिले ते आजारामुळे नव्हे, आजार असूनही, ही शक्यता आपण का विचारात घेत नाही? आणि समजा, उपचारांनंतर एखाद्याची कविता खरोखरच बदलली, तरी माणूस जिवंत आणि कविता वेगळी, हा सौदा तोट्याचा कसा? दुसऱ्याच्या जखमेतून आपल्याला चांगले वाचायला मिळावे, ही अपेक्षा रसिकतेत बसत नाही. तिला क्रौर्य म्हणतात.

यापेक्षा साध्या भीतीही आहेत. पहिली भीती शिक्क्याची. मुंबईकडे 'ठाण्याला पाठवा', पुण्याकडे 'येरवड्याला' आणि आपल्याकडे 'नागपूरला' म्हणतात. मनोरुग्णालयांची गावे आपण शिवीसारखी वापरत आलो. वस्तुतः समुपदेशकाकडे जाणारे बहुसंख्य लोक चिंता, नैराश्य, निद्रानाश, घरातला ताण किंवा परीक्षेची धास्ती अशा कारणांनी जातात आणि तासाभराने बाहेर पडून आपापल्या कामाला लागतात. दुसरी भीती बोभाट्याची. वर्ध्यासारख्या गावात ती खोटी नाही, कारण इस्पितळाच्या रांगेत शेजारी भेटतोच. परंतु मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर आपले बोलणे त्या खोलीबाहेर जाऊ नये अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. रांगेतही उभे राहायचे नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. तिसरी भीती गोळ्यांची. समुपदेशक गोळ्या देत नाही. त्या मनोविकारतज्ज्ञ देतात, तेही गरज असेल तर. नैराश्यावरच्या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. मात्र त्या आपल्या मनाने अचानक बंद करू नयेत, एवढे पथ्य पाळावे लागते.

चौथी शंका अधिक गंभीर आहे: नुसत्या बोलण्याने काय होते? भाषेवर पोट भरणाऱ्यांनी ही शंका घ्यावी, हे नवलच. तरीही तिला उत्तर आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे बोलणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती आणि भेटी सहा ते आठ. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या वैद्यकीय सेवेबरोबर हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे हा रामबाण नव्हे, हेही त्याच आकड्यांतून दिसते. सगळ्यांनाच गुण येत नाही. काहींना औषधे लागतात, काहींना दुसरा समुपदेशक शोधावा लागतो. पहिल्या अध्यापकाशी जमले नाही म्हणून आपण शिक्षण सोडत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

आपल्या जिल्ह्यात याहून जोरकस आक्षेप ऐकू येतो, आणि तो घेणारे माझे मित्र आहेत. ते म्हणतात, 'शेतकऱ्याच्या दुःखाचे कारण कापसाचा भाव आहे, कर्ज आहे, बेभरवशाचा पाऊस आहे. त्याला समुपदेशकाकडे पाठवणे म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या डोक्यात घालणे.' या आक्षेपातला संताप मला मान्य आहे. भावाऐवजी समुपदेशन, असा कुणी सौदा करत असेल तर तो हाणून पाडलाच पाहिजे. पण मित्रहो, पाय मोडायला रस्त्यातला खड्डा कारणीभूत असला, तरी हाड बसवावे लागतेच. खड्ड्याविरुद्ध मोर्चा काढायचा तर आधी उभे राहता आले पाहिजे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही गावे वऱ्हाडातली, कापसाचीच. गावकऱ्यांना उपचार नको असतात, हा आपला समज शहरी निघाला. दार जवळ आले, तेव्हा माणसे त्या दारापर्यंत गेली. व्यवस्थेवर कादंबरी लिहिणाऱ्याने शेतकऱ्याच्या झोपेची चौकशी करू नये, असे कोणत्या विचारसरणीत लिहिले आहे?

वर्ध्याला तर हा धडा नवा नसावा. एके काळी कुष्ठरोगाच्या नावाने माणसे घराबाहेर काढली जात. त्याच काळात, १९३६ साली, मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभे केले. पुढे कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालीश केली. परचुरे कुटी आजही तेथे आहे. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित होते. काव्याचा तोटा त्यांना नव्हता. पण त्यांच्या जखमांना काव्य पुरले नाही. उपचार लागले आणि न भिणारा दुसऱ्याचा हात लागला. कुष्ठरोगाबाबत ज्या जिल्ह्याने हे दाखवून दिले, त्या जिल्ह्यात मनाच्या आजाराबाबत आपण अजून दार लावून बसलो आहोत. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. अंतर काही किलोमीटरांचे आहे. आपल्याला लांब वाटते ते लाजेमुळे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. त्याची अंमलबजावणी कागदावर राहणार की वर्गापर्यंत येणार, हे पुष्कळसे आपल्यावर अवलंबून आहे. कारण मुले आपले पहिले दुःख प्राचार्यांच्या कक्षात नेत नाहीत, ती कवितेची वही घेऊन मराठीच्या अध्यापकाकडे येतात. आपण समुपदेशक नाही, आणि तसे होण्याचा आवही आणू नये. आपले काम एवढेच: वही वाचावी, लिहिणाऱ्याला त्याची झोप विचारावी, आणि गरज दिसली तर 'चल, मी बरोबर येतो' असे म्हणावे.

हे शेवटचे वाक्य मी उशिरा शिकलो, आणि तेही स्वतः त्या दारातून आत गेल्यावर. त्या विद्यार्थ्याच्या प्रसंगानंतर बरेच महिने माझीच झोप उडाली होती, तरीही संमेलनात मी इतरांबरोबर हसलो. त्यानंतर दोन महिन्यांनी समुपदेशकांसमोर बसलो, तेव्हा पहिली दहा मिनिटे साहित्यावर बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि मग विचारले, "झोप लागते का?"