स्टँडवरचा गाळा कोणाला?

1901 साली बालवयातील बाबासाहेब भावंडांसह वडिलांकडे गोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे मोजून, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर प्रवास झाला. 1948 साली एसटी सुरू झाली. तिकीट काढील त्याला सीट मिळू लागली, म्हणून एसटी आपल्या समाजाला जवळची.

आज याच एसटीच्या जमिनींना भाव आला आहे. 2025 साली राज्य मंत्रिमंडळाने या जमिनींच्या भाडेपट्ट्याची मुदत 60 वरून 98 वर्षे केली. आता खाली फलाट, पुढे गाळे, वर कार्यालये आणि सदनिका अशी स्वप्ने दाखवली जातील. 98 वर्षे म्हणजे आपल्या चार पिढ्या!

बांद्याचेच घ्या. मुंबई-गोवा महामार्गावरचे, गोव्याच्या सीमेलगतचे हे बाजारपेठेचे गाव. इथली तरुण पोरे कामासाठी गोव्यात जातात. 2023 मध्ये मोपा विमानतळ सुरू झाला. उद्या बांद्याच्या स्टँडवर असा प्रकल्प आला तर आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की गाळा कोणाला?

लिलाव झाला तर ज्याच्याकडे पैसा त्याचीच बोली. बँक तारण मागते आणि आपल्या वाडीतल्या माणसाकडे तारण ठेवायला आंब्या-काजूची बाग नाही. संविधानाच्या कलम 15 ने दुकानात शिरण्याचा हक्क दिला, पण दुकान मिळण्याची हमी त्यात नाही.

घरांचेही तेच. सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये वैध ठरवला. 2014 चा पथविक्रेता कायदा शहरांपुरता, ग्रामपंचायतीच्या बांद्यात तो कामाचा नाही. मग उरतो तो करार.

कलम 39(ख) सांगते, भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची हवी. प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2024 मध्ये म्हटले. पण एसटीची जमीन खासगी कधी होती?

म्हणून आमची मागणी आहे, की अशा प्रत्येक प्रकल्पाच्या निविदेतच तीन अटी लिहा. गाळ्यांचा ठराविक हिस्सा अनुसूचित जाती-जमाती आणि महिला बचत गटांना लिलावाविना, परवडणाऱ्या भाड्याने द्या. सदनिकांत राखीव हिस्सा ठेवा आणि जात-धर्म पाहून सभासद नाकारण्यास करारानेच मनाई करा. आज स्टँडवर पोट भरणाऱ्या विक्रेत्यांची यादी आधी करा, त्यांना जागा द्या, मगच जुने पाडा.

सह्या झाल्यावर लोक कागद घेऊन वकिलाकडे धावतात. तेव्हा आम्ही तरी काय करणार? बांधवांनो, निविदा निघण्यापूर्वी माहिती अधिकारात अर्ज टाका, ग्रामसभेत ठराव मांडा. बाबासाहेबांना त्या दिवशी दुप्पट भाडे मोजावे लागले. आपल्याच जमिनीवर आपण पुन्हा दुप्पट भाडे का मोजायचे?